बोटाखालचा टायर

क्लबात त्याला सगळे मिलिमीटर म्हणत. नाव चिडवायला पडलं होतं, पण त्याने ते पदकासारखं मिरवलं. शर्यतीच्या गाड्यांची चोवीसपट लहान मॉडेलं करणं हा त्याचा धंदा, आणि वेडही तेच. बाहेरच्या खोलीतली खिडकीजवळची अर्धी जागा त्याच्या टेबलाने खाल्ली होती. टेबलावर चिमटे, ब्रश, रंगाच्या बाटल्या, एक छोटं ड्रिल आणि पॉलिश पेपरचे तुकडे, जाडाकडून बारीककडे ओळीने लावलेले. बायकोने एकदा पुसायच्या नादात त्यातले दोन तुकडे इकडचे तिकडे केले, तर त्याने आठवडाभर अबोला धरला होता.

क्लब म्हणजे शनिवारी संध्याकाळी शाळेच्या रिकाम्या वर्गात जमणारी दहा-पंधरा टाळकी. आपलं मॉडेल बाकावर ठेवायचं आणि बाकीच्यांनी वाहवा करायची, असा तिथला शिरस्ता. मिलिमीटर वाहवा करत नसे. तो गुडघे वाकवून डोळे बाकाच्या पातळीला आणायचा, रंग, आरसे, ड्रायव्हरचं हेल्मेट कशाकडेही ढुंकून न बघता थेट टायरांवर नजर रोखायचा आणि म्हणायचा, "छान. गाडी अजून खोक्यातून बाहेर काढलेली दिसत नाही." समोरच्याचं तोंड उतरायचं. ते उतरलेलं तोंड आठवत मिलिमीटर खुशीत घरी यायचा. खोटं कशाला बोला, स्वभावाने माणूस खाष्ट होता, आणि त्या खाष्टपणाला तो चोखंदळपणा म्हणायचा.

त्याचं म्हणणं मात्र चुकीचं नसे. शर्यतीच्या गाडीचा टायर सपाट, त्यावर नक्षी नसते. धावताना तो तापतो, रबर मऊ पडून सोलपटतं, त्याच्या बारीक गोळ्या होऊन कडेला चिकटतात आणि मधला पट्टा राखाडी, मखमली दिसायला लागतो. मॉडेलबरोबर येणारा टायर तसा नसतो. तो काळाकुळकुळीत, तेलकट, मधोमध साच्याची रेघ असलेला. ती रेघ घासायची, साबणाने तेल काढायचं, टायर ड्रिलला लावून पॉलिश पेपरवर फिरवायचा, वरून खडूची पूड चोळायची, इथपर्यंत सगळेच करत. मिलिमीटर त्यांच्या कितीतरी पुढे गेला होता. तरी आपला टायर घासलेला दिसतो, धावलेला दिसत नाही, हे त्याच्या मनाला पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्या कुणाच्या ते लक्षातही आलं नसतं. त्याचा जीव मात्र त्यात अडकलेला असायचा.

बायको रक्त तपासायच्या लॅबमध्ये रक्त काढायच्या कामावर होती. तिथे तिला सुईताई म्हणत. जाड माणसं, वाळलेली म्हातारी माणसं, औषधांनी शिरा करपलेली माणसं, जिथे बाकीचे हात टेकायचे तिथे सुईताईला हाक जायची. ती दिवा लावून शिरा शोधत बसत नसे. उजव्या हाताचं पहिलं बोट पेशंटच्या कोपराच्या खोबणीत टेकवायची, जरा थांबायची आणि म्हणायची, "ही बघा, इथे लपून बसलीय." मग सुई. पेशंट डोळे घट्ट मिटून विचारायचा, "टोचणार ना आता?" ती म्हणायची, "झालंसुद्धा." लॅबच्या डॉक्टरीणबाई म्हणायच्या, मशीन बिघडलं तर दुसरं आणता येईल, हिचं बोट कुठून आणायचं? सुईताई हे घरी येऊन नवऱ्याला सांगायची. तो "हं" म्हणायचा.

एका संध्याकाळी तो टेबलाशी चार टायर मांडून श्वास रोखून रंगाची रेघ ओढत होता. बायको शेजारच्या खुर्चीत बहिणीशी फोनवर बोलत बसली होती. बहिणीचं शेजारणीशी वाजलं होतं, आणि ते भांडण पहिल्यापासून सांगणं चाललं होतं. ऐकता ऐकता सुईताईच्या हाताला चाळा लागला. तिने एक टायर उचलला, अॅप्रनच्या खिशातलं सुईचं टोपण त्याच्या भोकात खुपसलं आणि तो बोटाखाली टेबलावर मागेपुढे लोळवत राहिली. मिलिमीटरच्या कपाळावर शीर उठली, पण रेघ अर्धी झालेली, बोलायची सोय नव्हती.

फोन संपला तसा तो कडाडला. "टेबलावरच्या वस्तूंना हात लावायचा नाही, हे मी कुठल्या भाषेत सांगू?"

"अहो, टायर आहे. अंडं नाही फुटायला."

त्याने तो हिसकावून घेतला, दिव्याखाली धरला, आणि पुढचं ओरडणं विसरला.

मधला पट्टा मखमली झाला होता. दोन्ही कडांना खसखशीहून बारीक गोळ्या चिकटल्या होत्या. डावी कड उजवीपेक्षा जास्त झिजली होती, एकाच बाजूच्या वळणांची लांब शर्यत झाल्यावर झिजते तशी. त्याने टायर नाकाशी नेला. दुपारच्या उन्हात तापलेल्या डांबराचा वास आला.

"काय केलंस तू याला?"

"काही नाही. लोळवला."

"परत लोळव," तो म्हणाला आणि दुसरा टायर तिच्यापुढे ठेवला.

तिला गंमत वाटली. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्या टेबलापाशी तिला कुणी बोलावलं नव्हतं. तिने खुर्ची पुढे ओढली आणि चारही टायर करून दिले, प्रत्येकाला वेगळं बोट. मधूनमधून ती त्याच्याकडे बघून हसत होती. त्याचं लक्ष टायरांकडे होतं.

त्या गाडीने प्रदर्शनात पहिलं बक्षीस घेतलं, यात नवल नाही. नवल हे, की टायरांपुढे उभी राहिलेली माणसं बोलायची थांबत. क्लबातला एक जण खाली वाकून बराच वेळ बघत राहिला आणि उठताना म्हणाला, "गाडी आत्ताच थांबल्यासारखी वाटते, नाही?" मिलिमीटरला आजवर असलं कौतुक मिळालं नव्हतं. त्याने ते गुदगुल्या होणाऱ्या मुलासारखं ओठ घट्ट मिटून घेतलं.

तिथेच त्याला दंतवैद्य भेटले. दातांचा दवाखाना मुलाकडे सोपवून आता गाड्यांची मॉडेलं जमवणारा हा गोड बोलणारा म्हातारा. त्यांना एका जुन्या शर्यतीची सुरुवातीची सगळी रांग हवी होती. ही बक्षिसाची धरून बारा गाड्या, सगळ्या मिलिमीटरच्या हातच्या. "आणि टायर असेच," ते म्हणाले. "टायर असे नसतील तर मला गाड्या नकोत."

मिलिमीटरने लगेच हो म्हटलं. बायकोला विचारायचं त्याला सुचलंसुद्धा नाही.

तेव्हापासून रोज संध्याकाळी लॅबमधून आल्यावर ती टायर लोळवायला बसू लागली. समोर टीव्ही, हाताखाली टायर. मिलिमीटरने मधल्या काळात गुपचूप स्वतःच्या बोटांवर प्रयोग करून पाहिला होता. तिच्यासारखंच टोपण घातलं, तसंच लोळवलं, खांदा भरून येईपर्यंत लोळवलं. टायर होता तसा चकचकीत राहिला, बोटाला फोड आला तेवढा. असं का, याचा त्याने जास्त विचार केला नाही. आपल्या बोटांनी जमत नाही हे कळल्यावर त्याला मनातून बरंच वाटलं.

पहिल्यांदा कुरकुर केली ती लॅबच्या दारातल्या हजेरीच्या मशीनने. सुईताईने अंगठा ठेवला की ते लाल दिवा दाखवायचं. पुसून ठेवला, ओला करून ठेवला, दुसरं बोट ठेवलं, तरी लाल. शिपाई म्हणाला, "ताई, मशीन तुम्हाला ओळख दाखवत नाही. भांडण झालं का?" सगळे हसले, तीही हसली. घरी आल्यावर तिने बोटं दिव्याखाली धरली. टोकांवरच्या रेषा गेल्या होत्या. कातडी सपाट आणि तुकतुकीत झाली होती, थोडी तेलकट वाटावी अशी.

"हे बघा ना," ती म्हणाली.

त्याने बघितलं. तिचा हात बाजूला सारून त्याने तयार टायरांतला एक उचलला आणि भिंगाखाली धरला. मखमली पट्ट्यात, अगदी खोल बघितलं तर, रेषा होत्या. एकात एक गुंडाळलेल्या, मध्ये भोवऱ्यासारख्या फिरलेल्या. तो कितीतरी वेळ बघत राहिला. भीती वाटायला हवी होती, असं आपल्याला वाटेल. त्याला वाटलं ते एवढंच, की म्हणूनच प्रकाश असा पसरतो यावर.

"हिवाळ्यात होतं असं," तो म्हणाला. "क्रीम लाव."

क्रीम लावून ती पुन्हा टायर घेऊन बसली. तिचा त्याच्यावर विश्वास होता. लोळवताना ती बडबडायची, लॅबमधल्या गमती सांगायची. तो ऐकतो आहे असं तिला वाटायचं, कारण तो समोर बसून तिच्या हातांकडे टक लावून बघत असे.

मग एक दिवस ती घरी आली ती चप्पल न काढताच खुर्चीत बसली. तिच्याकडे वर्षानुवर्षं येणारे एक आजोबा त्या दिवशी आले होते. तिने कोपराच्या खोबणीत बोट ठेवलं आणि काहीच लागलं नाही. भिंतीवर बोट ठेवावं तसं. इतक्या वर्षांच्या सवयीने तिने अंदाजाने सुई घातली. चुकली. पुन्हा घातली. पुन्हा चुकली. आजोबांचा हात काळानिळा पडला, आणि ते माणूस उलट तिचीच समजूत घालत होतं, की असू दे पोरी, माझ्याच शिरा म्हाताऱ्या झाल्या.

"मला शीर लागली नाही हो," ती म्हणाली. "बोटाला काही कळतच नाही. तुमचे टायर आता पुरे. मला माझं काम आहे. माझ्याकडे दुसरं आहे काय?"

"पुरे," तो म्हणाला. "अर्थातच पुरे. तुझ्या हातापेक्षा का टायर जास्त आहेत?"

हे बोलताना त्याची नजर मांडणीकडे होती. नऊ गाड्या टायर लावून उभ्या होत्या. तीन गाड्या ठोकळ्यांवर ठेवलेल्या, बिनचाकांच्या.

सुईताईला रविवारी दुपारी झोपायची सवय होती. आठवडाभर उभ्याने काम, त्यामुळे पाठ टेकली की गाढ झोपायची. त्या रविवारी ती कुशीवर झोपली होती आणि डावा हात पलंगाबाहेर लोंबत होता. उजव्या हाताची बोटं तर वापरून झाली होतीच. मिलिमीटरने टेबलावरची लाकडी फळी आणून पलंगाशेजारी स्टुलावर ठेवली. हात उचलून हळूच फळीवर ठेवला. टोपण घातलेला टायर करंगळीखाली सरकवला आणि तिचं मनगट धरून पुढे, मागे, पुढे, मागे.

तिची झोप मोडली नाही. तो अगदी हळुवारपणे करत होता. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातसुद्धा त्याने तिचा हात इतक्या हळुवारपणे धरला नसेल. टायर मखमली होत गेला तशी करंगळी तुकतुकीत होत गेली. काम झाल्यावर त्याने हात होता तसा पांघरुणात ठेवला आणि तिच्यासाठी चहा टाकला.

चहा बघून तिचे डोळे भरून आले. "आज काय स्वारी प्रसन्न," ती म्हणाली आणि दोन्ही हातांनी कप धरला. कप तोंडाशी नेताना सांडला, कारण तो हातात आहे की नाही हे तिला कळलं नाही. ती चटकन म्हणाली, "झोपेत आहे मी अजून."

बोटं संपली तेव्हा तळवे होते. तळवे पुरले नाहीत तेव्हा मनगटाची आतली बाजू होती. तळहाताच्या रेषा गेल्या, बोटांच्या पेरांवरच्या सुरकुत्या गेल्या. एकदा तिने उकळत्या दुधाचं पातेलं नुसत्या हातांनी उचलून ओट्यावर ठेवलं, आणि नवरा असा का बघतोय हे तिला कळेना. दोन्ही तळव्यांवर फोड टरारले होते. त्याने मलम लावलं, पट्टी बांधली. बांधताना शेवटच्या टायराला आता डावं मनगट घ्यावं लागेल, हे त्याच्या मनात येऊन गेलं.

तिला त्याने काही सांगितलं नाही. तिला कळलं मात्र. कसं, ते तिनेही सांगितलं नाही. एका सकाळी ती मांडणीपुढे उभी राहिली, बाराव्या गाडीच्या टायरांकडे वाकून बघितलं आणि म्हणाली, "झोपेत?"

तो हातातला ब्रश पुसत राहिला.

तिने हात पुढे केला आणि त्याच्या गालावर ठेवला. गुळगुळीत, गार हात. खूप वेळ ठेवला. शीर शोधताना थांबायची तशी थांबली.

"तुम्ही लागतच नाही हो हाताला," ती म्हणाली, आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

त्याच आठवड्यात दंतवैद्यांचा माणूस बारा गाड्या कापसात गुंडाळून घेऊन गेला. लॅबमध्ये सुईताईला पावत्या द्यायच्या खिडकीवर बसवलं होतं. तिथे तिला पावत्या सुट्या करता येईनात, तेव्हा डॉक्टरीणबाई प्रेमाने म्हणाल्या, घरी आराम कर. ती घरी बसू लागली. मिलिमीटरचं टेबल मोकळं झालं होतं. घर शांत होतं, आणि ते शांत राहील असं त्याला वाटत होतं.

एका सकाळी ती खुर्चीत बसल्या बसल्या एकदम दचकली. मग तिचा चेहरा सैल झाला.

"अगंबाई," ती म्हणाली. "कुणीतरी पुसतंय."

"काय?"

"माझे हात. मऊ कापड आहे. हे बघा, अंगठा झाला... आता पहिलं बोट." तिचे हात मांडीवर नुसते पडून होते. "किती दिवसांनी काहीतरी लागतंय हो हाताला!"

मिलिमीटर बाहेर जाऊन उभा राहिला आणि दंतवैद्यांना फोन लावला. सहज, म्हणाला, गाड्या कशा आहेत? "उत्तम!" दंतवैद्य म्हणाले. "आत्ताच टायर पुसून काचेच्या कपाटात ठेवले. चष्म्याचं कापड घेतलंय, घाबरू नका."

आत आला तेव्हा ती म्हणाली, "आता काच आहे खाली. गार आहे."

त्यानंतर तिला कळू लागलं, कपाट कधी उघडतं, कुणाची बोटं जाड आहेत, कुणाचं नख लांब आहे. जेवता जेवता ती हात आखडून घ्यायची आणि म्हणायची, "एवढं दाबून कशाला बघतात?" समोर ताटातला चमचा तिच्या हातून निसटत असे. नवऱ्याने हात धरला तर कळत नसे. आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला कुणी परका माणूस हौसेने अंगठा फिरवी, तो हिला खांद्यापर्यंत कळे.

शेवटी तिने मागणं मागितलं. रडली नाही, भांडली नाही. त्याच्यापुढे येऊन बसली.

"मला सगळे नकोत," ती म्हणाली. "एक आणा. उजव्या हाताचं पहिलं बोट. कुठल्या गाडीला लावलंय ते तुम्हाला माहीत असणार."

त्याला माहीत होतं. बक्षीस मिळवलेली, पहिल्या नंबरची लाल गाडी, पुढचं डावं चाक. सगळ्यांत सुरेख टायर, म्हणून त्याने तो सगळ्यांत पुढे लावला होता.

"तेवढं एक मिळालं तर मी शीर शोधीन. परत जाईन कामाला. तुम्हाला कधी काही बोलणार नाही." ती थांबली. "आणाल ना?"

"आणतो," तो म्हणाला. आणि आपल्याला हे कबूल करायला हवं, की तो खरंच आणायला निघाला. छोटा स्क्रूड्रायव्हर आणि बदलीचा एक साधा टायर त्याने खिशात टाकला. टायराच्या कडेला चीर दिसतेय, बदलून देतो, एवढंच म्हणायचं होतं. दंतवैद्यांनी हसत हसत दिला असता.

दंतवैद्यांच्या घरी वरच्या मोठ्या खोलीत माणसं जमली होती. क्लबातली झाडून सगळी टाळकी हजर होती. खोलीभर लाकडी ट्रॅक मांडला होता, वळणं, चढ, उतार, सगळं. बारा गाड्या सुरुवातीच्या रेषेवर उभ्या होत्या. लाल गाडी सगळ्यांत पुढे.

"आलात? छान झालं, मी फोनच करणार होतो," दंतवैद्य ओशाळं हसत म्हणाले. "भाच्याने आत मोटरी बसवल्यात. रागावू नका. मॉडेल धावलं की त्याचं खेळणं होतं, असं तुमचं म्हणणं आहे, ठाऊक आहे मला. पण हे टायर बघून राहवेना हो. तुम्ही नको म्हणालात तर नाही चालवणार. गाड्या पुन्हा कपाटात."

खोलीत सगळे त्याच्याकडे बघत होते.

"नकोच म्हणतील ते," क्लबातला एक जण म्हणाला. ज्याची गाडी मिलिमीटरच्या मते कधी खोक्यातून बाहेर आली नव्हती, तोच. "चार फेऱ्यांत सोलून निघतील. दिसायला खरे आहेत, एवढंच."

कुणीतरी हसलं.

मिलिमीटरचा हात खिशात होता. स्क्रूड्रायव्हरची मूठ त्याच्या बोटांना चांगली लागत होती, गार, खरखरीत. नको, एवढाच एक शब्द बोलायचा होता. किंवा, चीर आहे. या सगळ्यांसमोर, माझ्या टायराला चीर आहे.

"सोलतील कसले," तो म्हणाला. "चालवा खुशाल."

दंतवैद्यांनी कळ दाबली.

पहिली फेरी हळू झाली. दुसरीला वेग आला. तिसरीला टायर वळणावर किंचाळले, अगदी बारीक आवाजात, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तो ट्रॅकच्या पातळीला डोळे आणून गुडघ्यांवर बसला होता.

कडेला रबराच्या गोळ्या साठत होत्या. मधला पट्टा निळसर पडत होता. तापलेल्या डांबराचा वास खोलीभर झाला होता.

आयुष्यात इतकं खरं त्याने काही पाहिलं नव्हतं.

तो शेवटच्या फेरीपर्यंत थांबला. मग पाहुण्यांनी आग्रह केला म्हणून दुसऱ्या शर्यतीलाही थांबला. मघाशी हसणाऱ्याने येऊन त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाला, मानलं तुम्हाला. तो घराकडे वळला तेव्हा संध्याकाळ होत आली होती. मागे तिसरी शर्यत लागत होती.

दार उघडंच होतं. बायको स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती. पुढ्यात मोठी परात पाण्याने भरलेली, आणि तिचे दोन्ही हात मनगटांपर्यंत पाण्यात. केस कपाळाला चिकटले होते. खालचा ओठ तिने चावून चावून फोडला होता. शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं ती काही ओरडली नसावी, तो तिचा स्वभाव नव्हता.

"आणलंत?" तिने विचारलं.

"उद्या देतो म्हणालेत."

तिने मान हलवली. मधूनच तिचे खांदे डावीकडे कलत, आणि श्वास आत ओढला जाई.

"त्यांना म्हणावं," ती म्हणाली, "वळणावर जरा हळू घ्या."

त्याने फोन काढला नाही.

"पाणी बदलून देता? फार तापलंय."

त्याने बोट बुडवून बघितलं आणि चटकन मागे घेतलं. फडक्याने धरून त्याने परात तिच्यापुढून उचलली. तिचे हात तिने तसेच हवेत धरून ठेवले. मोरीशी जाऊन तो पाणी ओतणार, तोच त्याला तळाशी काहीतरी दिसलं. काळ्या, खसखशीहून बारीक गोळ्या. शर्यत संपल्यावर ट्रॅकच्या कडेला पडतात ना, अगदी तशा. कितीही प्रयत्न करा, अशा करता येत नाहीत.

त्याने वरचं पाणी हळूहळू, गोळ्या वाहून जाऊ न देता, निथळून काढलं. बाहेर जाऊन टेबलावरची एक रिकामी डबी आणली.

"आणताय ना हो पाणी?" आतून तिने विचारलं.

"आणतो," तो म्हणाला, आणि ब्रशच्या टोकाने एकेक गोळी डबीत लोटत राहिला.